खालून घातलास न्हवं?

जानेवारी लागला की आमच्या बेटावरची माणसं परत आकाशाकडे बघायला लागतात. उरलेलं वर्ष आम्ही त्याच्याखाली नुसते राहतो. जानेवारी ते मार्च मात्र त्याच्या मर्जीनं राहतो. मॉरिशसचा भर उन्हाळा हाच आणि सिक्लोनचा, म्हणजे वादळांचा मोसमही हाच. वादळ यायच्या आधी वारा एकदम पडतो. फिलावची, म्हणजे सुरूची झाडं एरवी कुणी विचारलं नाही तरी कुजबुजत असतात, तीसुद्धा गप्प होतात. संध्याकाळी आभाळ घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं लाल होतं, आणि घरातल्या बायका घरात कुणी आजारी असल्यासारख्या हळू बोलायला लागतात.

गेल्या आठवड्यात रेडिओवर क्लास दोन लागला. आमच्याकडे वादळाच्या धोक्याला शाळेसारख्या इयत्ता असतात. एक म्हणजे लक्ष ठेवा, दोन म्हणजे तयारीला लागा, तीनला बस बंद, आणि चार म्हणजे देवाचं नाव घ्या. व्हाकोआ शहरातल्या आमच्या घरात बायकोनं मेणबत्त्या काढल्या, मुलीनं बादल्या भरल्या आणि मागच्या पडवीचा पत्रा दोरानं आवळायचं काम दरवर्षीसारखं माझ्याकडे आलं. मी दोर खुंटीला घातला, सोडला, परत घातला. मग गुडघे टेकून खालून हात फिरवून पाहिला. मुलगी मागे उभी होती. अर्धं मराठी, अर्धं क्रिओल, म्हणजे इथली बोली, अशा तिच्या भाषेत ती आईला म्हणाली, बाबा पत्रा बांधतायत की पूजा मांडलीय? बायको हसली. मीही हसल्यासारखं केलं.

सोळा वर्षं मी कुठलाही दोर असाच बांधतो. का, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बोलणं हा माझा स्वभाव नाही. हयात सरकारी कचेरीत टिपणं लिहिण्यात गेली, आणि टिपणात 'असे निदर्शनास आले' असं लिहितात, 'मी पाहिलं' असं कुणी लिहीत नाही. त्या भाषेत लपायला पुष्कळ जागा असते. मी ती पुरेपूर वापरली.

सूयाक हे गाव बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. बाकीच्या किनाऱ्यांना प्रवाळाची भिंत आहे, आत पाणी तळ्यासारखं शांत असतं. सूयाकला ती भिंत तुटलेली, त्यामुळे समुद्र थेट येऊन काळ्या खडकावर आपटतो. नदी समुद्राला मिळते तिथं आतल्या वळणावर लहानसं बंदर आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, आणि धक्क्याच्या कडेला रोवलेले लोखंडी खुंट, माणसाच्या मांडीएवढे. ते खुंट इतक्या दोरांनी इतकी वर्षं घासलेत की त्यांची कंबर बारीक झाली आहे.

माझी अक्का तिथं दिलेली. आई-वडील लवकर गेले, मला तिनंच वाढवलं. तिच्या लग्नाच्या वेळी मी तिच्याबरोबर सासरी गेलो म्हटलं तरी चालेल. तिचे यजमान शांताराम, म्हणजे माझे भावजी, साखर कारखान्यात फिटर होते आणि उरलेल्या वेळात आपल्या पिरोगमध्ये. पिरोग म्हणजे आमच्याकडची लांबट लाकडी होडी. भावजींच्या अंगाला कायम दोन वास असायचे, एक उसाच्या मळीचा आणि एक डांबराचा. अक्का म्हणायची, एका माणसाशी लगीन केलं आणि दोन माणसांचे कपडे धुतेय.

मला व्हाकोआला कचेरीत नोकरी लागली तेव्हा ती सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती, माझा भाऊ हापिसात हाय. शनिवारी मी सूयाकला जायचो. भावजी मला होडीत घ्यायचे, पण दोर हातात देत नसत. ते काम तोंतों मार्सेलचं. तोंतों म्हणजे क्रिओलमध्ये काका. भावजींच्याच खुंटाला ज्याची होडी, तो हा म्हातारा क्रिओल कोळी, गळ्यात क्रूस, डोक्यावर गवती टोपी. मराठी त्याला एकच शब्द यायचा, तोही माझ्यामुळे. मी हाक मारतो ती ऐकून तोही शांतारामला 'भावजी' म्हणायला लागला, मग त्याची बायको लिझेत, मग अख्खा धक्का. ज्यांच्या सात पिढ्यांत मराठी बहीण नव्हती अशी माणसंही त्यांना भावजी म्हणायची. अक्काला याची फार मजा वाटायची.

दोराची रीत मला मार्सेलनं शिकवली. होडी आत येताना तो पायऱ्यांवर बसून दोर फेकायला लावायचा, परत परत. दोर फेकायच्या आधी समोरच्याचं नाव घ्यायचं. त्यानं 'बों', म्हणजे ठीक, असं म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. पायरीवर जो असेल त्यानं झेलायचा, मग तो तुमचा वैरी असला तरी चालेल, कारण होडीला वैर कळत नाही. झेललेला दोर हातात धरून उभं राहायचं नाही, लगेच खुंटाला वेढा द्यायचा, कारण हातानं होडी थांबवायला गेलं तर बोटं जातात. हे सांगताना तो डाव्या हाताचं अर्धं बोट वर करून दाखवायचा. दुसऱ्याच्या होडीवरून आपल्या होडीत जायचं असेल तर पुढच्या अंगानं जायचं आणि तिथल्या माणसाच्या भाताच्या डब्यात डोकवायचं नाही. आणि दुसऱ्याच्या दोराला कधीही, काहीही झालं तरी, सुरी लावायची नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ त्यानं घालवला तो फासावर. दोराच्या टोकाला विणून कायमचा गोल केलेला असतो, तो फास. एका खुंटाला दोन होड्या बांधायच्या तर दुसऱ्यानं आपला फास पहिल्याच्या फासावर नुसता टाकायचा नाही. खाली वाकायचं, पहिल्याच्या फासातून आपला फास खालून वर काढायचा, आणि मग खुंटावर चढवायचा. असं केलं म्हणजे दोघांपैकी कुणालाही, दुसऱ्याचा दोर न सोडवता, आधी निघता येतं. वरून टाकला तर खालचा अडकतो. वरच्या होडीनं ताण घेतला की खालच्याला आपलाच दोर सुटत नाही.

'कोण आधी जाणार ते बांधताना कळत नाही,' तो म्हणाला होता. 'म्हणून बांधायचं असं की कुणालाही जाता यावं.'

हे मला नीट येत होतं. अजाण होतो, शिकवलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्या वर्षीचा जानेवारी मला वासानं आठवतो. लिचीचा मोसम नुकता संपला होता आणि बाजारात सडक्या लिचीचा आंबूस वास राहिला होता. भावजींनी होडीला नवं डांबर लावलं होतं. आदल्या गणेश चतुर्थीला गावातल्या मराठी मंडळींचा गणपती त्यांच्याच होडीतून नदीच्या मुखाशी नेला होता, आणि होडीच्या फटीत गुलालाची लाल रेघ तेव्हापासून राहिली होती. मार्सेल म्हणायचा, तुझ्या देवाला उतरून इतके महिने झाले तरी त्याचं सामान माझ्या शेजारीच आहे.

दुपारी क्लास दोन लागला आणि कचेरी लवकर सुटली. भावजींना कारखान्यात पत्रे आवळायला बोलावणं आलं होतं, आणि त्याआधी होडी वर नदीतल्या धक्क्याला बांधायची होती. दुसरा माणूस नव्हता, म्हणून मी घरी न जाता तसाच सूयाकची बस धरली. अंगात कचेरीचे कपडे. पुढच्या आठवड्यात बढतीची मुलाखत होती. त्यासाठी शिवून घेतलेली राखी पँट, सवय व्हावी म्हणून, मी आधीच घालायला लागलो होतो.

पावसाला सुरुवात झाली होती. नदी गढूळ होऊन फुगत चाललेली. भावजी होडीत उभे राहून लांब बांबूनं तिला रेटून धरत होते. होडी सोडून उतरणं त्यांना शक्य नव्हतं. मार्सेलची होडी आधीच बांधलेली होती आणि तो घरी खिडक्यांना फळ्या ठोकायला गेला होता. पायऱ्यांवर मी एकटा. 'अनंता' अशी हाक आली, मी 'बों' म्हटलं, दोर आला, मी झेलला. इथपर्यंत सगळं रीतीनं झालं.

खुंटावर मार्सेलचा फास होता. त्यातून खालून हात घालायचा तर शेवाळलेल्या खालच्या पायरीवर गुडघे टेकावे लागणार होते, आणि त्या पायरीवरून चिखलाचं पाणी वाहत होतं. मी पँटीकडे पाहिलं. एवढंच कारण. शेवटची बस निघायची होती, पाऊस वाढत होता, हेही खरं, पण ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मी फक्त पँटीकडे पाहिलं आणि खुंटीवर टोपी अडकवावी तसा फास वरून टाकला. तो नीट बसला. होडी थांबली.

'खालून घातलास न्हवं?' भावजींनी होडीतून विचारलं. धक्क्याच्या कडेमुळे त्यांना खुंट दिसत नव्हता.

'व्हय,' मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग दुसरा दोर पलीकडच्या काठावरच्या झाडाला बांधला, तिकडूनच वर चढले आणि कारखान्याच्या रस्त्याला लागले. वळणावर त्यांनी हात केला. मी शेवटच्या बसनं व्हाकोआला परत आलो. घरी पोचल्यावर पाहिलं तर पँटीवर एकही डाग नव्हता, आणि मला बरं वाटलं. इतकं साधं, इतकं पोरकट बरं वाटणं मला त्यानंतर कधी वाटलेलं नाही.

पुढचं मी पाहिलं नाही. ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं आणि सोळा वर्षांत मी ते तुकडे इतक्यांदा जोडले की आता ते पाहिल्यासारखंच झालं आहे. सकाळी वारा सुटला. डोंगरातून नदी बांबूची बेटं आणि मोडकी झाडं घेऊन खाली आली, आणि एक मोठं खोड मार्सेलच्या होडीवर येऊन बसलं. त्याला होडी सोडून द्यायची नव्हती. त्याला फक्त आपला फास त्या खुंटावरून काढून खालच्या खुंटावर घालायचा होता, म्हणजे होडी वळली असती आणि खोड निघून गेलं असतं. लिझेत त्याच्या पाठोपाठ आली होती, ती पायऱ्यांच्या वर भिंतीला धरून उभी होती. तिनं त्याला फास ओढताना पाहिलं. फास निघत नव्हता. वर आमच्या होडीचा दोर बसला होता, तारेसारखा ताणलेला.

मार्सेलनं कमरेची सुरी काढली. आपला दोर कापला असता तर त्याची होडी समुद्रात गेली असती. आमचा कापला असता तर आमची, कारण पलीकडच्या झाडाचा दोर एकटा त्या पुरात टिकणारा नव्हता. लिझेत वरून ओरडत होती, कूपे, कूपे, म्हणजे काप, काप. त्यानं वर तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही. सुरी दातात धरली आणि पुन्हा गुडघे टेकून दोन्ही हात आमच्या दोराखाली घातले. तेवढ्यात होडीनं हिसका घेतला.

तो तिसऱ्या दिवशी मिळाला, नदीच्या मुखाशी. आमच्या होडीला ओरखडासुद्धा आला नव्हता.

रस्ते मोकळे झाल्यावर मी सूयाकला गेलो. अक्का दारातच उभी होती. मला बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, 'तुझ्या भावजींनी घाई केली रे. माणूस गेला.'

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वारा पडल्यावर खुंटावरचा फास भावजींनी स्वतः काढला होता. तो कसा बसला होता ते त्यांनी पाहिलं होतं, आणि धक्क्यावर जमलेल्या सगळ्यांसमोर, लिझेतसमोर ते म्हणाले होते, घाई झाली, माझ्या हातून वरून पडला.

ते मागच्या अंगणात होते. बादलीत पाणी घेऊन तोच दोर धूत बसले होते, पीळ उकलून आतला गाळ बोटानं काढत. मी समोर उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं नाही. गाळ काढता काढताच म्हणाले, 'तुझ्याबद्दलचं तुझ्या अक्काला सोसायचं न्हाय. माझ्याबद्दलचं सोसंल.' आणि मग, 'हात धुऊन घे. जेवायला बस.'

मी हात धुतले. जेवायला बसलो. पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली. बढती मिळाली. या चार वाक्यांत कुठंतरी मला तोंड उघडता आलं असतं.

गावानं भावजींना काही केलं नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही. फक्त त्यांचा दोर झेलायचं बंद झालं. ते आत यायचे, सवयीनं कुणाचं तरी नाव घ्यायचे, पायऱ्यांवर माणसं असायची, आणि कुणीच 'बों' म्हणायचं नाही. मग त्यांनी नाव घेणं सोडलं. ते होडी धक्क्याला घासत आणायचे, एका हातात दोर घेऊन उडी मारायचे आणि स्वतःच बांधायचे. पन्नाशीच्या माणसाला ती उडी सोपी नव्हती. लिझेतनं त्यांचं नाव घेणं टाकलं. धक्क्यावर कुणी भावजी म्हणेना. 'त्या घरचा' म्हणायचे. पुढच्या चतुर्थीला मंडळींनी गणपतीसाठी दुसऱ्याची होडी ठरवली. भावजी सगळ्यांच्या मागून चालत काठापर्यंत आले आणि पाण्यात पाय न घालता परत गेले.

एकदा, लग्न झाल्यावर, मी बायकोला घेऊन सूयाकला गेलो होतो. ती घरात अक्काशी बोलत होती आणि मी धक्क्यावर उतरलो. चार-पाच कोळी पायऱ्यांवर बसले होते. भावजींची होडी वळणावर दिसली. त्यांनी मला पाहिलं असणार, कारण त्या दिवशी, कितीतरी दिवसांनी, त्यांनी नाव घेतलं. अनंता. आणि मी काही म्हणायच्या आधी दोर फेकला. तो माझ्या बुटांशी येऊन पडला. बाकीची माणसं समुद्राकडे बघत होती.

मीही समुद्राकडे पाहिलं.

दोर हळूहळू घसरत पायरीवरून पाण्यात गेला. घसरताना त्याचा होणारा बारीक आवाज मला आजही ऐकू येतो, अंघोळीच्या वेळी, मराठीच्या वर्गात फळा पुसताना, मुलगी गादीवरून चादर ओढते तेव्हा. भावजींनी तो ओला दोर आत ओढून गुंडाळला, होडी घासत आणली आणि उडी मारली. दुपारी जेवताना त्यांनी माझ्या पानात माशाची मधली तुकडी वाढली आणि हसून म्हणाले, 'पँट नवी दिसते, अनंता.'

बायको म्हणाली, हो, माझ्या माहेरून आलीय. अक्का म्हणाली, याला लहानपणापासून कपड्यांचं वेड. मी मान खाली घालून काटे काढत राहिलो. एवढा एकच टोमणा त्यांनी मला आयुष्यभरात मारला. पँटीचं त्यांना कसं कळलं, हे मी किती वर्षं शोधलं. त्या दिवशी होडीतून त्यांना खुंट दिसत नव्हता. मी पँटीकडे पाहिलं आणि कमरेत वाकलो नाही, एवढं मात्र दिसलं असणार. म्हणजे त्यांनी विचारलं तेव्हाच त्यांना शंका होती, आणि मी व्हय म्हणालो म्हणून त्यांनी ती सोडून दिली. या विचारापाशी आलं की मी उठून कुठलं तरी काम काढतो.

मी व्हाकोआला मराठीचा वर्गही घेतो, मंदिरामागच्या खोलीत, शनिवारी. सूयाकला जाण्याचे शनिवार मी असे भरून टाकले. मुलांना खरं बोलावं असा धडा असतो, तोही शिकवतो. शिकवताना जीभ अडत नाही. माणसाचं असंच असतं.

भावजी गेल्या हिवाळ्यात गेले, छातीच्या दुखण्यानं, चार दिवसांत. व्हाकोआची, सूयाकची मंडळी आली, भजनं झाली. धक्क्यावरचं कुणी आलं नाही. लिझेतचं घर गल्लीच्या टोकाला आहे. आम्ही त्यांना खांद्यावर घेऊन तिथून गेलो तेव्हा तिची खिडकी बंद होती. खांदा देणाऱ्यांत मी पुढे होतो. ते फार हलके लागले.

तर गेल्या आठवड्यातला क्लास दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काला आमच्याकडे घेऊन यायला म्हणून सूयाकला गेलो. ती ट्रंक उघडून बसली होती. भावजींचे कपडे कुणाला तरी द्यायचे म्हणून बाजूला काढत होती. शर्ट चांगले होते. पँटींच्या जवळ ती थबकली. एकेक उलगडून तिनं माझ्यासमोर अंथरली. पाच होत्या. पाचही पँटींचे गुडघे फाटलेले, ठिगळ लावलेले, ठिगळावर पुन्हा ठिगळ, आणि धुऊन धुऊनही न गेलेला शेवाळाचा हिरवा डाग.

'दर साल नवं ठिगळ लावायची मी,' ती म्हणाली. 'मासे मारणाऱ्याचं गुडघं कशापायी फाटतात रे?'

मला ठाऊक होतं. मी पाहिलं होतं, लांबून, एकदाच. वादळाची सूचना लागली की सगळे आपापल्या होड्या बांधून घरी जायचे, आणि मग भावजी एकटे धक्क्यावर जायचे. प्रत्येक खुंटापाशी गुडघे टेकायचे आणि हात घालून बघायचे. कुणाचा फास वरून टाकलेला दिसला तर काढून खालून घालायचे. जी माणसं त्यांचा दोर झेलत नव्हती त्यांच्या होड्यांचे दोर ते पंधरा वर्षं तपासत होते. कुणाला कळलं नसेल असं नाही. 'आता बघतोय, तेव्हा बघायचं,' असं एकजण बोलल्याचंही कानावर आलं होतं.

मी अक्काला सांगितलं. तिच्यासमोर जमिनीवर बसून, त्या पाच पँटींच्या पलीकडून. पँट, पायरी, व्हय. कितीसं लागतं सांगायला? दोन मिनिटं लागली असतील.

ती ओरडली नाही. तिनं एक पँट उचलून घडी घातली, परत उलगडली. 'मी त्यांना बोलायची रे,' ती म्हणाली. 'दर जानेवारीला. चूल पेटवताना, वाढताना. तुमच्या घाईनं माणूस खाल्ला म्हणायची. पंधरा वर्षं ते हे ऐकत माझ्या हातचं जेवले.'

मी तिचा हात धरायला गेलो. तिनं तो काढून घेतला, झिडकारून नव्हे, कपडे बाजूला करायला हात हवा असल्यासारखा. मग म्हणाली, मला सांगून काय, टोकाच्या घरी जा.

लिझेत ओसरीवर बसून मांडीवरच्या सुपात मसूर निवडत होती. सत्तरीच्या पुढची, काळ्या कपड्यांतली. वादळाच्या त्या सकाळपासून तिनं दुसरा रंग घातलेला नाही. मी तांतीन, म्हणजे काकू, म्हणून हाक मारली, तिनं बसायला खूण केली. माझ्यावर तिचा राग कधीच नव्हता. मी हापिसातला, मी पाहुणा. मी उभ्यानंच सांगितलं, क्रिओलमध्ये, आणि क्रिओलमध्ये ते आणखी उघडं वाटलं, कारण त्या भाषेत मी कधी टिपण लिहिलेलं नाही.

तिची बोटं मसुरात थांबली. मग परत चालायला लागली, पण ती आता खडे काढत नव्हती, नुसती फिरत होती.

'त्याला नेताना मी खिडकी लावून घेतली,' ती म्हणाली. 'तुमचं गाणं ऐकू येऊ नये म्हणून. आणि तू त्याच्याखाली चालत होतास.'

मी हो म्हणालो.

'हे तू मला का सांगितलंस? तुझं ओझं कमी झालं असेल. माझं बघ आता.' मग, माझ्याकडे न बघता, सोळा वर्षांत न उच्चारलेला शब्द तिनं तोंडात घोळवल्यासारखा उच्चारला. 'भावजी.'

माफ कर, असं मला म्हणता आलं नाही. ते मागायला गेलेलो नव्हतो असंही नाही. पण तिच्या मांडीवरचं ते सूप पाहून धीर झाला नाही.

खाली धक्क्यावर गडबड सुरू झाली होती. होड्या वर येत होत्या. लिझेतचा जावई मार्सेलच्याच खुंटाला होडी लावतो. ती उठली, काठी घेतली आणि पायऱ्यांकडे निघाली. मी मागून गेलो. कुणी ये म्हटलं नव्हतं. खुंटावर कुणाचा तरी फास आधीच होता. जावयाची होडी वळली, त्यानं पायरीवर कोण आहे ते पाहिलं. त्याला माझं नाव आठवलं नसावं, त्यानं नुसती हाक घातली. मी 'बों' म्हटलं. दोर आला. मी झेलला.

मग मी खालच्या पायरीवर गुडघे टेकले. पाणी गुडघ्यांवरून वाहत होतं, थंड, चिखलाचं. पहिल्या फासात हात घालून मी आपला फास खालून वर काढला आणि खुंटावर चढवला. हातांना सगळं आठवत होतं. मार्सेलनं शिकवलेल्यातला एक कणही हातांनी टाकलेला नव्हता. त्या दिवशीही टाकलेला नव्हता.

'खालून?' वरून लिझेतनं विचारलं.

हो म्हणायचा हक्क मी एकदा वापरून टाकला होता.

काठी टेकत ती एकेक पायरी उतरली. जावई तिला आईच म्हणतो, होडीतून म्हणाला, मामान, घसरशील. तिनं लक्ष दिलं नाही. माझ्याशेजारी, त्या वाहत्या पाण्यात, भिंतीला धरून ती हळूहळू गुडघ्यांवर बसली. मी बाजूला सरकलो. तिनं काठी मला धरायला दिली, दोन्ही फासांच्या खाली हात घातला आणि डोळे मिटून बोटांनी चाचपून पाहिलं, कुठून येतो, कुठं जातो. बराच वेळ पाहिलं. मग काठी परत मागून घेतली, उठली आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या चढून गेली.

अक्का माझ्याबरोबर आली नाही. घर सोडवत नाही म्हणाली. पत्रे आवळून देऊन मी शेवटची बस धरली. क्लास तीन लागायच्या बेतात होता, बसमध्ये चार माणसं होती. खिडकीतून दिसणारा ऊस निश्चल उभा होता. व्हाकोआ येईपर्यंत माझ्या पँटीचे गुडघे ओले होते.